आगराच्या पाण्याची शाई

माझी मैत्रीण जपानला जाऊन आली आणि मला म्हणाली, "भाचीकडे बेंगळुरूला होते." हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतेय, कारण नंतर लिहायला घेतलं की माझा हात तिच्या बाजूने वळतो आणि सगळं सौम्य होऊन जातं. मला ते सौम्य करायचं नाहीये. माणसं परदेशी जातात, कधी न सांगता जातात, त्यात एवढं काय, असं माझा नवरा म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला! जपान आमचं दोघींचं ठरलेलं होतं. आणि ती तिकडे होती तेव्हा तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी रोज संध्याकाळी दुखरा गुडघा घेऊन वर जात होते आणि तिच्या तुळशीला पाणी घालत होते.

आमची ओळख झाली ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये. गिरगावातली जागा सोडून आम्ही मीरा रोडला नुकतेच आलो होतो. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर सह्यांचा कागद आणि त्याच्या क्लिपला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. मी ते बाजूला सारून पर्समधलं माझं शाईचं पेन काढलं. सेक्रेटरी म्हणाले, "अरे मॅडम, पेन है ना इधर." मी म्हटलं, "वो आप के लिए रखो." माझ्यामागे उभी असलेली बाई फिस्सकन हसली. तिची पाळी आली तेव्हा तिनेही पर्समधून शाईचं पेन काढलं, सही केली आणि वाळावी म्हणून वर हळूच फुंकर मारली. सहीवर फुंकर मारणारं माणूस मी कित्येक वर्षांनी पाहत होते. त्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून कडाक्याचं भांडण झालं म्हणतात. आम्ही दोघी मागच्या रांगेत एकमेकींच्या पेनांची निबं निरखत बसलो होतो, त्यामुळे मला काही सांगता येणार नाही.

मी बँकेत होते. माझा जन्म सह्या करण्यात गेला. ती भाईंदरच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिचा जन्म दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेला. ती मूळची इथलीच, राई-मुर्धा या गावांकडची, माहेरची मिठागरं असलेल्या घरातली. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. एक भाची होती, तिला हिनेच लहानाची मोठी केली आणि ती नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची. माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, पण रागावली किंवा घाबरली की माहेरचं 'हाय' आणि 'न्हाय' बाहेर पडायचं. शाईचं पेन वापरणाऱ्यांचा एक नियम असतो. निब एका हाताच्या वळणाला बसलेलं असतं, म्हणून आपलं पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. मी माझं पेन नवऱ्यालासुद्धा देत नाही. तिला देत होते.

ओळख झाली त्याच उन्हाळ्यात ती मला तिच्या माहेरचं आगर दाखवायला घेऊन गेली. आगर म्हणजे मिठागर. तिच्याकडे सगळे आगरच म्हणतात. तेव्हा तिकडे थोडी आगरं चालू होती. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आम्ही रिक्षाने गेलो. वाफ्यांमधलं पाणी आटत आलं होतं, बांधावर मिठाचे ढीग होते. आणि त्या पाण्याचा रंग! गुलाबी म्हणावं तर तेवढा गोड नाही, जांभळा म्हणावं तर तेवढा गडद नाही. कोकम सरबतात पाणी जास्त झालं की होतो तसा काहीसा. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "हा रंग मला शाईत हवाय."

"हा?" ती म्हणाली.

"हाच."

ती माझ्याकडे बघून हसली. "शोधू या मग," म्हणाली.

आणि आम्ही शोधायला लागलो. त्या रंगाचं नाव आमच्यात 'आगराचं पाणी' असं पडलं. इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत निळी, काळी, फार तर लाल आणि हिरवी. तिथे आमचं काम होणार नव्हतं. पुढे आम्ही दोघी निवृत्त झालो आणि माझ्या नवऱ्याने युरोपची टूर काढली तेव्हा मी तिलाही बरोबर घेतलं. मराठी टूर कंपनीची टूर होती. सकाळी पोहे, रात्री वरणभात आणि मधे आल्प्स. बाकीच्या बायकांनी जाताना डबे भरून चिवडा-चकल्या नेल्या होत्या, आम्हीही नेल्या. फरक इतकाच की आमचे डबे परत येताना रिकामे नव्हते. शाईची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची, तिच्यावर नवऱ्याचे पायमोजे चढवायचे आणि चिवड्याच्या डब्यात घट्ट बसवायची, ही पद्धत तिने शोधून काढली. नवऱ्याचे मोजे त्या टूरवर कधीच जागेवर सापडले नाहीत. "शाईपेनाने काय ताम्रपट लिहायचाय?" असं तो रोज एकदा विचारायचा.

व्हिएन्नाला टूर मॅनेजरने आम्हाला एका महालासमोर सोडलं आणि उशीर करू नका म्हणून बजावलं. सगळे महाल बघायला गेले. मी तिला म्हटलं, "महाल कुठे पळून जात नाही, चल." भुरभुर पाऊस पडत होता. मी पुढे आणि ती डोक्यावर ओढणी घेऊन माझ्यामागे, अशा आम्ही गल्ल्या तुडवत गेलो. शेवटी एक लहानसं दुकान सापडलं. आतल्या म्हाताऱ्याने आम्ही काय शोधतोय हे ऐकून घेतलं, निम्मं समजलं असेल, आणि गुलाबी-जांभळ्या शायांच्या बाटल्या एकेक करून काढून मांडल्या. एक काचेचं पेन आणि जाड कागद पुढे केला. मी बुडवून 'श्री' लिहिलं. आम्ही कोणतीही नवी शाई आधी 'श्री' लिहूनच बघायचो. त्याने विचारलं, हे काय लिहिलं? मला पटकन इंग्रजी सुचेना. ती मागून म्हणाली, "बिगिनिंग." तो म्हातारा इतका खूश झाला की त्याने तो कागद ठेवून घेतला.

आम्ही एक बाटली घेतली. 'आगराचं पाणी' नव्हतं ते, पण जवळचं होतं. बसजवळ पोचलो तेव्हा अख्खा ग्रुप खिडक्यांतून आमच्याकडे खाऊ का गिळू बघत होता. दादरचे एक काका म्हणाले, "शाई घ्यायला युरोपात? आमच्या कोपऱ्यावर मिळते की!" मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. तिने माझा हात दाबला आणि आम्ही दोघी मागच्या सीटवर जाऊन शाळकरी मुलींसारख्या हसत सुटलो.

असं मग दरवर्षी नाही, पण जमेल तसं चालू राहिलं. फ्लॉरेन्सला गेलो, इस्तंबूलला गेलो. माझा मुलगा सिंगापूरला असतो, त्याच्याकडे जाताना मी तिलाही ओढून नेलं आणि तिथले मॉल पालथे घातले. विमान वर चढताना पेन गळतं, म्हणून त्याचं निब वरच्या बाजूला ठेवावं लागतं. आम्ही टेकऑफला दोघी हातात पेनं उभी धरून बसायचो, उदबत्ती धरावी तशी. हवाई सुंदरी बघायच्या, आम्ही त्यांच्याकडे बघायचो नाही. दुकानात शिरल्यावर पुढे मी असायचे. कुठली बाटली उघडायची, कुठली नको, हे मी सांगायचे. रंगावरची माझी नजर चांगली आहे असं ती स्वतःच म्हणायची. फ्लॉरेन्सला तिने कोपऱ्यातली एक तपकिरीकडे झुकणारी लालसर बाटली उचलली होती आणि बराच वेळ हातात धरून उभी होती. मी म्हटलं, "हा काय गं, कातासारखा आहे. ठेव." तिने ठेवली.

घरी परतल्यावरचा विधी ठरलेला. बाटली कोणीही एकटीने उघडायची नाही. तिच्या जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरायचा, चहा करायचा, मग मी झाकण उघडायचं, पेन बुडवायचं, 'श्री' लिहायचं आणि निकाल द्यायचा. "नाही. थोडा निळा जास्त झालाय." "नाही. हा फार गोड आहे, बर्थडे केकसारखा." ती मान डोलवायची. मग ती लिहायची आणि त्याच शाईत दुसऱ्या दिवशीच्या भाजीची यादी करायची. माझ्याकडे काय किंवा तिच्याकडे काय, कपाटाच्या एका कप्प्यात अशा 'जवळजवळ' बाटल्या भरून उभ्या होत्या. नवरा त्याला आमचं अपयशाचं दुकान म्हणायचा.

जपानची गोष्ट आम्हाला मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून कळली. तिकडे एक दुकान आहे, तिथे तयार शाई विकत घेत नाहीत. उंच स्टुलावर बसायचं आणि समोरच्या बाईंना आपल्या मनातला रंग सांगायचा. त्या निरनिराळ्या शाया थेंबाथेंबाने मिसळतात, कागदावर काढून दाखवतात, आपण हो म्हणेपर्यंत. आम्ही तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल! मी म्हटलं, "संपलं. आता युरोप-बिरोप काही नाही. जपान, आणि आपण दोघीच. टूर नको, नवरा नको." ती म्हणाली, "घे टाळी." आम्ही टाळी दिली. मग माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्या, तर माझ्या गुडघ्याने मान टाकली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी ते पुढे ढकलत राहिले. ती म्हणायची, "तुझा गुडघा होऊ दे, मग जाऊ." तिचं हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. इतकं कोण कोणासाठी थांबतं, असं मी लोकांना सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "भाचीकडे बेंगळुरूला जातेय थोडे दिवस." मी म्हटलं, "जा की, सुखाने जा, किल्ली दे." ती गेली. तिच्या बाल्कनीतली तुळस, कडुलिंबाच्या काड्या टाकून ठेवलेला तांदळाचा डबा, कुरिअरवाला, सगळं मी बघितलं. रोज सकाळी तिचा 'सुप्रभात' यायचा, फुलाच्या फोटोसह. यायचा तोही फार लवकर, इथे उजाडायच्या आत. बेंगळुरूला जाऊन बाई लवकर उठायला लागली, भाचीने शिस्त लावलेली दिसतेय, असं मी कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. तिथे तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असायचं, हे मला आता कळतंय. फोन मात्र ती उचलायची नाही. रेंज नाही म्हणायची. परत आली ती म्हैसूरपाक घेऊन. उत्तम होता. मी चवीचवीने खाल्ला आणि दोन वड्या मोलकरणीलाही दिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी तिने मला वर बोलावलं. टेबलावर पेपर पसरलेला होता, चहा तयार होता आणि मधोमध एक चौकोनी बाटली होती. तिच्यावर जपानी अक्षरं होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "भाची ऑफिसच्या कामाने जपानला गेली होती. तिने त्या दुकानातून करून आणली. आपल्या रंगाची."

खरं सांगायचं तर मला आधी थोडं लागलं. आम्ही जायच्या आधी ती पोरगी तिथे बसून आली! पण पोरीने मावशीसाठी केलं, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं, असं म्हणून मी खुर्ची ओढली. "तिला रंग कसा कळला?"

"मी सांगितला फोनवर."

मी बाटलीकडे हात नेला, तर तिने ती आपल्याकडे ओढली. झाकण तिनेच उघडलं, पेन तिने बुडवलं आणि 'श्री' तिने लिहिलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण मी तिकडे लक्ष दिलं नाही, माझे डोळे कागदावर होते. शाई वाळत गेली तसा रंग उतरत गेला. मातकट, तपकिरी, आणि त्या तपकिरीच्या पोटात कुठेतरी लाल.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हटलं, "चुकलं की गं. तपकिरी कशाला घातला हिने? आणि गुलाबी तर औषधालाही नाही. समजलंच नाही पोरीला. जाऊ दे, आपण गेलो की नीट करून घेऊ."

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाली, "तिने नाही केलाय. मी केलाय."

"फोनवरून काय कळणार?"

"फोनवरून न्हाय. तिथे बसून केलाय. मी गेलते."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. कानांनी ऐकलं, पण आत पोचेना. मी विचारलं काय, तर, "मग म्हैसूरपाक?"

"बेंगळुरूच्या विमानतळावर घेतला," ती म्हणाली. "येताना."

त्या म्हैसूरपाकाने मला जेवढं दुखवलं तेवढं जपानने दुखवलं नाही, हे कोणाला हास्यास्पद वाटेल तर वाटू दे. जपानला जाणं हे एका क्षणी ठरलं असेल, मोह झाला असेल. म्हैसूरपाक मात्र विचार करून घेतला होता. विमानतळावर दुकानासमोर उभं राहून, माझा चेहरा डोळ्यांपुढे आणून घेतला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"यायचंच होतं मला! तुला माहीत नाही? गुडघ्याचं काय, मी काठी घेऊन आले असते, व्हीलचेअरवर आले असते!"

"तेच तर," ती म्हणाली. "तू आली असतीस तर त्या बाईंना रंग तू सांगितला असतास. तुझा रंग."

"माझा कसला? आगराचं पाणी आपल्या दोघींचं आहे!"

यावर, वर्गात हुशार मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर बाई बघतात तशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. मग ती सावकाश बोलायला लागली. "तू आगर एकदाच बघितलंस. संध्याकाळी बघितलंस. तुला दिसलं ते पाणी नव्हतं गं, आभाळ होतं त्याच्यात पडलेलं. मी लहानपणी बाबांबरोबर सकाळच्या पारी जायची. मीठ काढायला सकाळीच लागतात. तेव्हा पाण्यात आभाळ नसतं, नुसतं पाणीच असतं. ते असं असतं." तिने कागदावर आणखी एक रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती, तिच्या बोटाला लागली.

मी त्या बोटाकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात व्हिएन्नाची गल्ली आली, फ्लॉरेन्सची ती बाटली आली, इस्तंबूलच्या बाजारात पाय सुजेपर्यंत घातलेले हेलपाटे आले. "तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि बोलली नाहीस? इतकी वर्षं मी चुकीचा रंग शोधत फिरले आणि तू माझ्यामागून चालत होतीस?"

"पहिल्या दिवशी तू एवढी खूश झालतीस, माझ्याने बोलवलं न्हाय. मग राहूनच गेलं. मग वाटलं, काय बिघडतंय? मला कोण नेणार होतं व्हिएन्नाला? तू होतीस म्हणून मी जग बघितलं. रंग कुठला का असेना, शोधायला मजा येत होती. खोटं सांगत न्हाय, मजा येत होती."

"मग आत्ताच काय झालं?"

ती बाल्कनीकडे बघत बोलली. तिच्या माहेरच्या आगरावर भराव पडला त्याला बरीच वर्षं झाली. आता तिथे पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांवर टॉवरची चित्रं आहेत. "तुझा रंग बघून बघून मला माझा आठवेना. डोळे मिटले तरी गुलाबीच दिसायला लागलं. बाबा डोळ्यांसमोर आणले तर बाबासुद्धा गुलाबी पाण्यात उभे. बाबा कधीच संध्याकाळी आगरावर नसायचे. भ्याले मी. म्हटलं, आता न्हाय गेले तर जाईलच तो. आणि तुझ्याबरोबर गेले असते तर त्या बाईंच्या समोर तू म्हणाली असतीस, कातासारखा आहे, आणि मी मान डोलावली असती. मला माहीत आहे मी डोलावली असती."

मी उठले. गुडघ्यातून कळ आली, तिने हात पुढे केला, मी तो घेतला नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं हे मी आयुष्यभर लिहीत-बोलत आले, पण ते खरंच कसं असतं ते त्या दिवशी कळलं. मी तिला म्हटलं, "मान कोणी धरून डोलावली होती का तुझी? तोंड नव्हतं तुला?" ती म्हणाली, "होतं." बस, एवढंच. मी दारापर्यंत गेले तर ती बाटली घेऊन मागे आली. "घेऊन जा. दोघींसाठी आणलीय." मी घेतली नाही. तिच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्येच होती, ती चपलांच्या कपाटावर ठेवली आणि खाली आले.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. शाईवरून भांडणाऱ्या बायका पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "तिने बाटली लपवली असती तर तुला जन्मात कळलं नसतं. दाखवली ना तिने?"

"म्हणजे माझ्यावर उपकार केले?"

"तसं नाही. पण तिला राहवलं नसणार."

राहवलं नसेल. मला त्याचं काय करायचंय? ती जपानला गेली याचा राग कदाचित उतरेल. खोटं बोलली याचाही उतरेल, माणसं बोलतात खोटं. पण आम्ही दोघी मिळून काहीतरी शोधतोय असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. लग्नाच्या माणसाबरोबर असं काही मी कधी शोधलं नाही, मुलाबरोबर नाही, बँकेतल्या कुणाबरोबर तर नाहीच नाही. आणि त्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक दुकानात मी एकटीच शोधत होते. ती सोबत होती, पण शोधत नव्हती. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. गळा कापला गेलाय हे आपल्याला कित्येक वर्षांनी कळतं, आणि तोवर आपण हसत असतो, टाळ्या देत असतो.

मी माझ्या कप्प्यातल्या सगळ्या बाटल्या काढून एका दुपारी कागदावर रेघा ओढून बघितल्या. सगळ्या गुलाबी, सगळ्या जांभळट, एकीसारखी दुसरी. यांतली आगराच्या पाण्याच्या जवळची कुठली, हे मला पूर्वी झटक्यात सांगता यायचं. त्या दिवशी सांगता येईना. ती संध्याकाळ मी खरंच तशी पाहिली होती, की पहिल्या बाटलीनंतर मी ती शाईवरूनच आठवत आले, कोण जाणे. याची साक्ष देईल असं एकच माणूस आहे आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतं.

आता आम्ही बोलत नाही असं नाही. लिफ्टमध्ये भेटतो. ती विचारते, "गुडघा कसा आहे?" मी म्हणते, "ठीक." ऑपरेशन झालं तेव्हा तिने सूप पाठवलं होतं, वॉचमनच्या हाती. मी ते प्यायले. डबा धुऊन वॉचमनच्याच हाती परत पाठवला. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे मला कळतं. तरी रिकामाच पाठवला.

परवा मुलाचा सिंगापूरहून फोन आला. फार खुशीत होता. "आई, डॉक्टरांनी तुला हिंडायला परवानगी दिलीय ना? एप्रिलमध्ये मला सुट्टी आहे. जपान करू. तुझं ते शाईचं दुकान आहे ना, स्टुलावर बसून रंग करून देतात ते, त्याचं बुकिंग आधी करावं लागतं. मी बघतोय आत्ता, जागा आहे."

मला आनंद झाला. अगदी खरा, जुना आनंद. मनाने मी त्या स्टुलावर जाऊन बसलेसुद्धा. समोर त्या बाई, हातात थेंब सोडायची नळी घेऊन, माझ्याकडे बघतायत. कोणता रंग हवाय, विचारतायत. आणि मी कितीही आठवलं तरी तिने दाखवलेल्यावाचून माझ्याकडे सांगायला एकही रंग नव्हता.

"आई, ऐकतेयस ना? तारीख टाकू?"

"थांब जरा," मी म्हटलं, "विचारून सांगते."

"कोणाला विचारून? बाबा तर हो म्हणालेत."

मी फोन कानाला लावून वर, तिच्या मजल्याच्या दिशेने, छताकडे बघत उभी राहिले. त्याने दोनदा हॅलो, हॅलो केलं.